पुरे म्हणण्याची जागा

गेल्या महिन्यात एका दुपारी मी जेवायला बसले, पाण्याच्या भांड्याला टेकवून मोबाईल समोर उभा केला आणि कुणी एक बाई कपाट आवरत असल्याचा व्हिडिओ लावला. ते कपाट माझे नव्हते, बाई ओळखीच्या नव्हत्या आणि कपाट आवरण्याची विद्या मला अवगत नाही असेही नव्हते. पण एकेक खण लागत गेला तसतशी मी त्यात रंगत गेले. सगळे कपडे घड्या होऊन जागच्या जागी बसले तेव्हा कुठे मी ताटाकडे पाहिले. ते रिकामे होते. वाढून घ्यायचे राहिले वाटते, असे म्हणत मी ताट उचलून ओट्याकडे निघाले, तेवढ्यात मुलीने विचारले, "आई, अगं आत्ताच जेवलीस ना तू?" मी ठामपणे नाही म्हटले. मग हातातल्या ताटाकडे नीट पाहिले, तर ते उष्टे होते. भाजी कोणती होती हे तिने विचारले नाही हे तिचे उपकार. कारण ती मीच केलेली असूनही मला सांगता आली नसती.

आम्ही दोघी खूप हसलो, पण तो प्रसंग माझ्या डोक्यातून काही जाईना. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला आठवला. मेंदूला झालेल्या इजेमुळे नुकत्याच घडलेल्या गोष्टी ज्यांच्या लक्षात राहत नसत, अशा दोन रुग्णांना त्यांनी जेवू घातले आणि जेवण झाल्यावर १० ते ३० मिनिटांनी पुन्हा जेवण पुढे ठेवले. दोघांनी तेही खाल्ले. एवढेच नव्हे, बहुतेक वेळा तिसऱ्या जेवणालाही त्यांनी हात घातला. पोट भरलेले होते, पण आपण जेवलो ही आठवण नव्हती, आणि आठवण नसल्यावर भरल्या पोटाची साक्ष कमी पडत होती. माझा मेंदू सुदैवाने शाबूत आहे. मी फक्त त्याला जेवणाच्या वेळेपुरते दुसऱ्याच्या कपाटात कोंडून ठेवले होते.

एरवी पोटाचा कारभार चोख असतो. अन्न आत आले की जठराच्या भिंती ताणल्या जातात आणि ती वार्ता व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून मेंदूकडे निघते. अन्न लहान आतड्यात उतरले की तिथून पोट भरल्याचा निरोप देणारी कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरके रक्तात मिसळतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हळूहळू ओसरू लागते. हा सगळा पत्रव्यवहार पुरा व्हायला साधारणपणे १५ ते २० मिनिटे लागतात. सावकाश जेव, असे ज्या वडीलधाऱ्यांनी मला लहानपणी शंभरदा बजावले, त्यांना घ्रेलिन ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण ते सापडलेच मुळी १९९९ साली. मी मात्र हे सारे वाचूनही भरभरच जेवते. पत्र पोचण्याआधी मी पानावरून उठलेली असते, आणि डोळे दुसरीकडे असतील तर पोचलेले पत्र उघडायलाही कुणी घरात नसते.

'पुरे' हा शब्द मला अलीकडे फार आवडू लागला आहे. वाढणाऱ्याला आपण पुरे म्हणतो तेव्हा 'आता नको' असे सांगतो, आणि काम पुरे झाले म्हणतो तेव्हा ते पूर्ण झाले असे सांगतो. भाषेने तृप्ती आणि समाप्ती एकाच घरात नांदवली आहेत, आणि ते मला अगदी योग्य वाटते. ज्याला शेवट आहे त्यालाच पुरे म्हणता येते. ताटाला तळ असतो आणि पुस्तकाला शेवटचे पान असते. हातातल्या काचेच्या तुकड्याला मात्र असा तळ नाही. तो पूर्वी होता. संगणकाच्या पडद्यावर वाचताना मजकूर संपला की खाली 'पुढील पान' अशी कळ असायची आणि ती दाबायला बोट जाईपर्यंत, निमिषभर का होईना, आणखी हवे आहे का हा प्रश्न मनात डोकावून जायचा. २००६ साली एझा रास्किन या तरुण संरचनाकाराने तो निमिष काढून टाकण्याची युक्ती शोधली. मजकूर संपत आला की पुढचा आपोआप खालून वर येऊ लागला. वाचणाऱ्याचे श्रम वाचावेत हा त्याचा हेतू होता. पुढे त्यानेच या शोधाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली, पण तोवर जगभरचे अंगठे त्या चाकोरीला लागले होते.

यात एक मौज आहे. पडद्यावरचा मजकूर सरकवत नेण्याच्या क्रियेला आपण इंग्रजीतून घेतलेला 'स्क्रोल' हा शब्द वापरतो, आणि त्याचा मूळ अर्थ गुंडाळी असा आहे. ग्रीक आणि रोमन लोक पपायरसच्या लांबच लांब गुंडाळ्यांवर लिहीत. वाचताना एका हाताने उलगडायचे आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत जायचे. त्या गुंडाळीच्या मधोमध एक दांडी असे. तिला रोमन लोक बेंबी म्हणत, आणि बेंबीपर्यंत पोचणे म्हणजे ग्रंथ वाचून संपवणे. (आपण बेंबीच्या देठापासून नुसते ओरडतो, ते तिथपर्यंत वाचत जात.) पुढे पाने एका बाजूने शिवलेली वही आली. ती कुठेही उघडता येई, तिच्या पानांच्या दोन्ही अंगांना लिहिता येई, एका हातात ती मावे, आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत तिने गुंडाळीला मागे टाकले. म्हणजे माणसाने गुंडाळी सोडून पान धरले त्याला सोळाशेहून अधिक वर्षे लोटली, आणि आता आपण पान सोडून पुन्हा गुंडाळीकडे आलो आहोत. फक्त या नव्या गुंडाळीला बेंबी नाही.

खाण्याच्या बाबतीतही कुणीतरी असाच तळ काढून घेतला असावा, असा मला दाट संशय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. २० माणसांना त्यांनी महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतले. दोन आठवडे कारखान्यात घडवलेले, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिले आणि दोन आठवडे साधे, ताजे रांधलेले अन्न. दोन्हीकडे पुढे ठेवलेल्या अन्नातली ऊर्जा, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू मापून सारखे ठेवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. ते अन्न त्यांनी अधिक वेगाने खाल्ले, हेही नोंदले गेले. जास्त खाण्यामागे एकटा वेगच होता असे त्यातून सिद्ध होत नाही, पण मी स्वतः भरभर जेवणारी असल्यामुळे माझी नजर त्या नोंदीवर खिळली.

कारण चावणे हा माझ्या मते जेवणातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. फळ सोलायचे, बी बाजूला काढायची, चोथा दातांखाली दमेपर्यंत चघळायचा, या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजेच फळाच्या अंगचा लगाम असतो. त्याच फळांचा रस काढला की तो लगाम सुटतो. एका बैठकीत चार फळे खाताना मी तिसऱ्यालाच कंटाळते, पण चार फळांचा रस उभ्या उभ्या पिऊन ग्लास विसळूनही मोकळी होते. काय खावे आणि काय टाळावे याच्या याद्यांवर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही. त्या दर काही वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक यादी आधीच्या यादीला वेड्यात काढते. मी आता एवढेच पाहते की या पदार्थाला दातांचे काम आहे की तो नुसता घसरत जाणार आहे. ही कसोटी शास्त्रीय म्हणवत नाही, पण ती लक्षात ठेवायला सोपी आहे.

वाचनाचे म्हणाल तर मी दिवसभर वाचतच असते. निरोप वाचते, निरोपांवर आलेली उत्तरे वाचते, बातम्यांचे मथळे वाचते आणि ज्यांना मी कधी भेटणार नाही अशा माणसांची भांडणे तर फार मन लावून वाचते. उशाशी ठेवलेल्या पुस्तकातली खूण मात्र तीन महिने ४१व्या पानावरून हलली नव्हती. वाचताना डोळा ओळीवरून संथ वाहत जात नाही, तो उड्या मारतो, प्रत्येक उडीनंतर सुमारे पाव सेकंद टेकतो, आणि मधूनच मागेही फिरतो, कारण काहीतरी निसटल्यासारखे वाटते. छापील पान जागचे हलत नाही म्हणून या मागे फिरण्याला अर्थ असतो. अमुक वाक्य डाव्या पानावर खाली कुठेतरी होते, एवढ्या खुणेवर आपण आठवड्यानंतरही ते शोधून काढतो. सरकत्या मजकुरात मागे फिरणे म्हणजे वाहत्या पाण्यात पडलेले नाणे शोधणे होय. तेवढे कष्ट कोण घेतो? म्हणून तिथे निसटले ते निसटले.

मग मीही इतरांसारखाच नेम केला, आणि इतरांसारखाच चुकीचा केला. वर्षाला इतकी पुस्तके वाचायची असा संकल्प सोडला आणि त्यांची नोंद ठेवायला मोबाईलमध्ये एक ॲप घेतले. दोन महिन्यांत माझ्या लक्षात आले की मी पातळ पुस्तके निवडू लागले आहे. एखादा परिच्छेद आवडला तरी तो पुन्हा वाचायला मन तयार होत नव्हते, कारण तेवढ्याने आकडा मागे पडला असता. वाचन हीदेखील मी न संपणारी गुंडाळी करून टाकली होती. ते ॲप काढून टाकले त्या दिवशी मी ४१व्या पानावरचे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केले, कारण आधीची चाळीस पाने कशाबद्दल होती हे त्या भाजीइतकेच विस्मरणात गेले होते.

दुसरा नेम त्याहून साधा होता. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवायचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ जणांना काही रात्री प्रकाशमान पडद्यावर आणि काही रात्री छापील पुस्तकातून वाचायला लावले होते; पडदा वाचणाऱ्यांना झोप लागायला सरासरी १० मिनिटे जास्त लागली आणि त्यांच्या शरीरात मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारे संप्रेरक कमी आणि उशिरा पाझरले. १० मिनिटे ही काही मोठी हानी नव्हे, आणि खरे सांगायचे तर मला त्या प्रकाशाची तेवढी भीती नाही. ज्या दिव्याच्या उजेडात मी पुस्तक वाचते तो दिवाही काही काळोख पसरवत नाही. मला भीती वाटते ती माझ्याच हाताची, जो झोपेत कूस बदलतानाही उशीखाली चाचपडतो.

मोबाईल कपाटात गेल्यावर सकाळी उठवणार कोण, हा प्रश्न उभा राहिला, म्हणून गजराचे घड्याळ आणले. ते टिकटिक करते हे मी विसरून गेले होते. पहिल्या दोन रात्री मी त्या टिकटिकीचे तास मोजत जागी राहिले. तिसऱ्या रात्री ते टॉवेलात गुंडाळून ठेवले आणि चौथ्या सकाळी गजरच ऐकू न आल्यामुळे घरातल्या सगळ्यांना उशीर झाला. त्याबद्दल मला जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. आता घड्याळ पलंगापासून लांबच्या खिडकीत असते, तिथून टिकटिक पुसट येते आणि गजर बंद करायला उठावेच लागते.

जेवताना मोबाईल लांब ठेवणे मला सगळ्यांत अवघड गेले. पहिले काही दिवस जेवण फार लांबलचक वाटे. समोरच्या भिंतीला एक चीर गेली आहे हे मला तेव्हा कळले. भाजीत मीठ कमी पडते हेही तेव्हाच कळले. आजवर कुणी बोलले नव्हते, कारण बाकीच्यांच्याही पुढ्यात मोबाईल होते. एकदा मधेच, ताटात दोन घास उरलेले असताना, आपल्याला आता नको आहे असे स्पष्ट जाणवले, आणि ही जाणीव इतक्या वर्षांनी झाली की क्षणभर काहीतरी दुखते आहे की काय असे वाटले.

काल रात्री पुस्तकाची शेवटची अकरा पाने उरली होती. उजव्या अंगठ्याखाली कागदाचा एवढासा पापुद्रा जाणवत होता. संपवावे की उद्यासाठी राखून ठेवावे, या विचारात मी एकेक ओळ मुद्दाम सावकाश वाचत होते. तेवढ्यात मुलगी दारात आली.

"आई, तुझ्या त्या बाई आठवतात का, कपाटवाल्या? त्यांनी आज स्वयंपाकघर आवरायला काढले आहे."

"मी वाचते आहे," मी म्हणाले.

"बरं," म्हणून ती वळली.

"अगं," मी म्हणाले, "किती खणांचे आहे?" आणि पानाचा कोपरा दुमडला.