न्यूट्रलमध्ये टाकली म्हणून गाडी सुटली असं नाही

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करायचं काम मी करतो. कधी कधी ऑइल काढतानाच वासावरून कळतं, आत काय झालंय ते. एरवी लाल असणारं ऑइल काळपट तपकिरी झालेलं, जळका वास, आणि खालच्या ट्रेमधल्या लोहचुंबकाला चिकटलेला धातूचा चुरा. मालक सांगतो, गाडी ठणठणीत होती हो, फक्त सुरू होत नव्हती म्हणून ओढून नेली. मग मी विचारतो, ओढताना कुठली चाकं वर होती? इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी असेल आणि ‘मागची’ असं उत्तर आलं, की पोटात गोळा येतो.

अशा, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह, गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची जोडणी) सगळं पुढेच, बॉनेटखाली. मागच्या चाकांना इंजिनाशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे टो ट्रकने पुढची दोन चाकं उचलली, पट्ट्यांनी आवळली आणि हँडब्रेक सोडला, की मागची चाकं मोकळी फिरतात आणि गाडी निमूट मागून येते. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीचं नेमकं उलटं: मागची चाकं उचलायची, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडवायचा. म्हणून गाडी उचलण्याआधी ‘ड्राइव्ह कुठल्या चाकांना?’ हे विचारणारा टोइंगवाला मला फार आवडतो.

‘अहो, पण न्यूट्रलमध्ये टाकली होती ना!’ हे वाक्य मी सतत ऐकतो. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा इंजिनाशी संबंध तुटतो, चाकांशी तुटत नाही. पुढची चाकं रस्त्यावर फिरली की ॲक्सल फिरतात, डिफरन्शियल फिरतं, गिअरबॉक्समधले बरेच भागही फिरतात. त्यांना ऑइल पोचवणारा पंप मात्र इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. बेअरिंग आणि बुश कोरडे घासत राहतात, तापतात, आणि पुढे बसलेल्या टोइंगवाल्याला यातलं काही दिसतही नाही, ऐकूही येत नाही. ‘पी’मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, ठेवून ओढली तर आणखी वाईट. तिथे एक खटका शाफ्टच्या दातांत अडकलेला असतो. मग टायर फरफटत जातात, नाहीतर खटकाच मोडतो. मॅन्युअल गिअरबॉक्स थोडा सोशिक असतो, कारण त्यात फिरणारे गिअरच ऑइल उडवतात. तरी कंपनीचं पुस्तक बघावंच.

गाडी भिंतीकडे तोंड करून लावलेली असेल तर टो ट्रकच्या हाताला मागचीच बाजू लागते. अशा वेळी पुढच्या चाकांखाली डॉली, म्हणजे चार छोट्या चाकांची ट्रॉली, घालतात. गाडीचं एकही चाक रस्त्याला टेकत नाही. डॉली नसेल तर फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, येईपर्यंत थांबा. माझं विचाराल तर ऑटोमॅटिकसाठी पहिली मागणी फ्लॅटबेडचीच करावी, आणि ऑल व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक असेल तर आग्रहच धरावा.

फ्लॅटबेडवर चढवायला गाडी न्यूट्रलमध्ये लागते. विंचने, म्हणजे ट्रकवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, हळूहळू ओढत तेवढं अंतर नेलं तर काही बिघडत नाही. बॅटरी मेली असेल तर लिव्हर ‘पी’मधून हलत नाही, पण बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं. ते उचकटून आतलं बटण दाबलं की लिव्हर सुटतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक अडकून बसला असेल तर मागच्या चाकांखाली प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्या सरकवून गाडी वर ओढतात.

आणि टो हुक, म्हणजे ओढायचा दोर अडकवायची कडी. तो बहुधा डिकीत, स्टेपनीजवळच्या हत्यारांत असतो. बंपरवरचं चौकोनी किंवा गोल झाकण काढून आत फिरवायचा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, त्यामुळे बसत नाही असं वाटलं तर डावीकडे फिरवून बघा. हाताने घट्ट झाला तरी पाना घालून शेवटपर्यंत आवळा आणि मगच विंचचा दोर लावू द्या.