"नवाच आहे ताई"

टायर घेताना सगळ्यात आधी काय बघायचं असं कोणी विचारलं तर मी आता साइज सांगत नाही, ब्रँडही सांगत नाही, मी म्हणते आधी खाली बसा आणि चार आकडे वाचा. हे शहाणपण फुकट आलेलं नाही, त्यासाठी मी बऱ्या कपड्यांत पिकअपखाली आडवी झालेय, एका हातात मोबाइलचा टॉर्च आणि केसांत वाळू. पण ते पुढे. खरं तर त्याच्याच रागात लिहायला बसलेय, त्यामुळे आधीचं सगळं भराभर सांगते.

गाडी डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर, पण हवं तेव्हाच लावायचं अशी. बराचसा वापर डांबरी रस्त्यावर आणि आठवड्यातून दोनदा खडीचा रस्ता, तो ओला झाला की चिखल. कंपनीतून आलेले टायर हायवेचे, साइज २६५/७० आर १७, म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १७ इंची. नक्षी तीन मिलिमीटरवर आली होती. खाचेत मध्ये मध्ये जी बारीक आडवी पट्टी असते ना, ती १.६ मिलिमीटर उंचीची असते, नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. म्हणजे कागदावर अजून जीव होता. पण खडीच्या रस्त्यावर एका ओल्या वळणावर गाडीचं मागचं टोक स्वतःच्या मर्जीने निघालं आणि मी ठरवलं, बास.

ऑल टेरेन घ्यायचे हे ठरलेलंच होतं. चिखलाचे मड टेरेन डांबरावर घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावायला माझ्या मते बेकार, हायवे टायरने खडीवर काय केलं ते सांगितलंच. ऑल टेरेन म्हणजे दोन्हीकडे थोडी तडजोड. इथे माझ्या मेहुण्याने पहिली गडबड केली. त्याचं म्हणणं, घेतेच आहेस तर २८५ घे, गाडी काय दिसेल! दिसेल खरी. मी गणित करून बघितलं, २६५/७० आर १७ चा व्यास साधारण ८०३ मिलिमीटर, २८५/७० चा ८३१. म्हणजे गाडी उचलली जाणार त्या फरकाच्या निम्मी, १४ मिलिमीटर, माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढीही नाही. आणि त्या बदल्यात स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी खरी साडेतीन टक्के जास्त पळत असणार, पिकअप जड वाटणार, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासायची शक्यता वेगळीच. मेहुण्याला हे सगळं ऐकवलं, तो म्हणाला पण दिसेल छान. विषय संपला, साइज तीच ठेवली.

दुसरा घोळ एलटीचा. एलटी म्हणजे लाइट ट्रक, मला वाटायचं की टायरवर एलटी लिहिलंय म्हणजे तो जास्तच वजन झेलणार. तसं नसतं! माझ्या जुन्या टायरवर लोड इंडेक्स ११५, म्हणजे एका टायरवर १२१५ किलो. त्याच साइजचा एलटी, लोड रेंज (म्हणजे मजबुतीचा वर्ग) सी, त्याच्यावर ११२, म्हणजे ११२० किलो. नाव ट्रकचं आणि ताकद जुन्यापेक्षा कमी. ई रेंज घेतली, ज्याला सगळे दहा प्लाय म्हणतात, तर १२१, म्हणजे १४५० किलो, पण ते वजन पूर्ण झेलायला हवाही ८० पीएसआय लागते. आणि एलटी बसवून गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर कंपनीने जुन्या टायरसाठी लिहिलेलीच हवा ठेवली तर तो जुन्या टायरपेक्षा कमी वजन झेलतो, हे मला कोणत्याही दुकानात आपणहून सांगितलं नाही. शिवाय एकेक टायर चार-पाच किलो जास्त जड, रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. रोज भरलेली गाडी चालवत असाल, ट्रेलर ओढत असाल, टोकदार दगडांत जात असाल तर जरूर घ्या ई. माझी गाडी दहातले आठ दिवस रिकामी, मी साधा स्टँडर्ड लोडचा ऑल टेरेन घेतला, ११५ वालाच, आणि नुसत्या रुबाबासाठी दहा प्लाय घेणाऱ्यांबद्दल माझं मत मी माझ्यापाशी ठेवते.

(बर्फात जाणाऱ्यांसाठी एक, एम प्लस एस, म्हणजे मड आणि स्नो, ही अक्षरं कंपनी नक्षी बघून स्वतःच छापते. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असेल तर तो बर्फावरच्या चाचणीत पास झालेला असतो. मला गरज नव्हती.)

तर ऑर्डर दिली. काउंटरवरचा माणूस प्रत्येक उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता, ज्याला टायर गोल असतो एवढंच माहीत आहे. चार टायर स्टॉकमध्ये नव्हते, म्हणे मागवावे लागतील, आठवडा लागेल. आठवड्याचे तीन झाले. मध्ये फोन केला की एकच उत्तर, "निघालेत, उद्या येतील." त्यांचा उद्या वेगळ्या कॅलेंडरवर असतो.

शेवटी आले, मी गाडी घेऊन गेले. टायरच्या एका बाजूला मोठी पांढरी अक्षरं होती, मला ती नको होती, चार दिवसांत मातकट होतात, म्हणून म्हटलं काळी बाजू बाहेर ठेवा. हेच मला नडलं. आत वर्कशॉपमध्ये ग्राहकांना प्रवेश नाही अशी पाटी, मी बाहेर खुर्चीत. दीड तासाने गाडी बाहेर, बॅलन्सिंग झालेलं, टायर काळेभोर चकचकीत. कागद पुढे केला, "माल तपासून घेतला", सही करा. केली. काय तपासणार होते, आत तर सोडलं नव्हतं!

घरी येऊन वॉरंटीचा फॉर्म भरायला बसले. त्यात प्रत्येक टायरचा पूर्ण डॉट कोड हवा, म्हणजे टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणारा ओळख क्रमांक. आता हा कोड टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो, दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा अर्धाच, तारखेशिवाय. आणि माझ्या टायरची पूर्ण कोडवाली बाजू होती पांढऱ्या अक्षरांची, म्हणजे आता आतल्या अंगाला. म्हणून ते टॉर्च घेऊन गाडीखाली जाणं. कोडच्या शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पहिला टायर ३८२४, म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा. दुसरा तोच. तिसरा तोच. चौथ्यावर बोट फिरवलं, धूळ पुसली, परत वाचलं. ०९२०.

२०२० चा नववा आठवडा! तीन भावंडं एकाच वर्षी जन्मलेली आणि चौथा साडेचार वर्षांनी थोरला. नक्षी तीच, रबराचे ते बारीक केसही शाबूत, बाहेरून ओळखूच येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान.

"टायर नवाच आहे ताई."

"नवा आहे हो, पण २०२० चा आहे."

"वापरलेला नाही ना? मग नवाच."

मी म्हटलं, रबर वापरलं नाही तरी वय होतंच त्याचं, कडक होतं. गाडी बनवणाऱ्या काही कंपन्याच सांगतात की सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असू दे, टायर बदला. टायरवाले १० वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात. म्हणजे तीन टायर अजून तरुण असताना हा चौथा म्हातारा होणार आणि मी तेव्हा परत एकटा टायर शोधत फिरणार. तो म्हणाला, गोडाउनमध्ये नीट ठेवला तर काही होत नाही. आता यात तथ्य आहे, अंधारात, थंड जागेत ठेवलेला टायर उन्हात उभ्या गाडीवरच्या टायरपेक्षा हळू म्हातारा होतो, हे मीही मानते. पण मग त्याच नीट ठेवलेल्या टायरचे पैसे कमी का नाही लावले? यावर उत्तर नाही, बोट भिंतीकडे. भिंतीवर पाटी: रिमवर चढवलेला टायर परत घेतला जाणार नाही.

म्हणजे बघा, चढवायच्या आधी मला बघू देणार नाहीत आणि चढवल्यावर परत घेणार नाहीत.

मॅनेजर सोमवारी येतात. सोमवारी ते बाहेर गेलेत. बुधवारी भेटले तर म्हणाले फॉर्म भरा, आम्ही डिस्ट्रिब्युटरकडे पाठवतो. फॉर्मवर "दोषाचे स्वरूप" आणि खाली चौकोन: फुगा, चीर, थरथर, असमान झीज, इतर. मी इतर वर खूण करून शेजारी लिहिलं, टायर जुना आहे. पाच दिवसांनी फॉर्म परत, शेरा, "तांत्रिक दोष आढळला नाही." आढळणार कसा, टायर कोणी बघितलाच नव्हता, तो माझ्याच गाडीला होता. आणि तोही प्रश्न होताच, गाडी चालवावी तर हे म्हणणार वापरला. म्हणून मी तो उतरवून घेतला आणि तिथे जुनी स्टेपनी लावली. ती पुढच्या चाकाला लावली हे मुद्दाम सांगते, मागे नाही. स्टेपनीचा घेर नव्या टायरपेक्षा वेगळा, मागच्या एक्सलला एक लहान एक मोठं चाक लावलं की मागचं डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सरळ रस्त्यावरसुद्धा सतत काम करत बसतं. माझ्या गाडीत पुढचा एक्सल एरवी मोकळाच फिरतो, तिथे चाललं. आणि तेवढे दिवस फोर बाय फोरच्या लिव्हरला हात लावला नाही. कायम फोर व्हील चालणारी गाडी असेल तर मात्र हा जुगाड करू नका, तिथे चारही घेर सारखेच लागतात.

तर तिसरी फेरी. मी सगळे कागद टेबलावर पसरले, बिल, फॉर्म, तो "माल तपासून घेतला" वाला कागद ज्याचा ते सारखा हवाला देत होते. आणि त्या ढिगातून ऑर्डरच्या दिवसाची पावती निघाली. तिच्यावर खाली माझ्या अक्षरात: चारही टायर एकाच वर्षाचे, एक वर्षाच्या आतले. आणि त्याखाली त्या काउंटरवाल्याची सही! मी हे लिहिलं होतं हेच विसरले होते. आमच्या आईची खोड, तोंडी बोलणं कागदावर उतरवल्याशिवाय ती दुकानातून हलायची नाही, आणि आम्ही लहानपणी लाजेने बाहेर जाऊन उभे राहायचो. मॅनेजरने पावती दोनदा वाचली, उलटी करून मागे काही आहे का तेही बघितलं, मग काउंटरवाल्याकडे बघितलं, काउंटरवाल्याने कॉम्प्युटरकडे. त्या शांततेचे मी वेगळे पैसे द्यायला तयार होते.

"बदलून देऊ मॅडम." ताईची मॅडम झाले.

तरी त्याला आणखी सहा दिवस लागले. नवा आला तो ४१२४, तीन आठवड्यांचा फरक, चालतंय. या वेळी मी पाटीखालून सरळ आत गेले, चढवायच्या आधी कोडचा फोटो काढला, कोणी काही बोललं नाही. बाकीच्या तिघांचं काहीच बिघडलं नव्हतं.

तुम्ही जाल तेव्हा हे फोटो रिमवर चढायच्या आधी चारही टायरचे काढा. ऑर्डरच्या पावतीवर वर्ष लिहून घ्या आणि सही घ्या. लोड इंडेक्स पण लिहून घ्या, नुसती साइज लिहिली की दुकानदाराच्या मते त्या साइजचा कुठलाही टायर म्हणजे तुमचाच टायर. व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा, हे मी विसरले होते, त्यांनीच टाकले, एवढं श्रेय देते.

चालवायला कसे आहेत ते राहिलंच. पहिले काही शे किलोमीटर जरा जपून, नवीन टायरवर साच्यातून काढताना लावलेला थर असतो, ओल्यात घसरतात. ऐंशीच्या पुढे एक बारीक गुणगुण ऐकू येते, दोन दिवसांत कान सरावले. डिझेल किंचित जास्त पितेय असं वाटतंय, मोजलं नाही. खडीवर मात्र फरक पहिल्याच वळणावर कळला, त्याच वळणावर, तसाच ओला रस्ता, आणि मागचं टोक गपचूप मागे आलं. खाचांत दगड अडकतात, ते स्क्रूड्रायव्हरने काढायचं मला व्यसनच लागलंय. आणि हो, चाकांचे नट शंभरेक किलोमीटर झाले की परत एकदा टॉर्क पान्याने तपासा, माझा एक पाव फेरी सैल निघाला. हवा गार टायरमध्ये तपासा, गाडी चालवून आल्याआल्या नको. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करायची, ऑल टेरेनचे ठोकळे एका बाजूने झिजले की आवाज वाढतो.

स्टेपनी अजून तीच जुनी आहे. परवा तिचा कोड बघायला परत गाडीखाली गेले. तिला बदलायला हवंय, आणि त्यासाठी त्याच साइजचा एकच टायर मागवायचा तर जवळचं दुकान तेच आहे.