प्रागची आईस हॉकी वर्ल्ड चॅम्पियनशिप: पैसे परत मिळाले, तिसरा पिरियड गेला

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते मग बाकीचं. प्रागमध्ये रोख पैसे बदलू नका. अजिबात नको. मे २०२४ मध्ये मी आणि नवरा ड्रेस्डेनहून ट्रेनने गेलो होतो, कॅनडा विरुद्ध ऑस्ट्रिया, १४ मेची मॅच. हॉटेलच्या रिसेप्शनवर सांगितलं की स्टेडियममध्ये कार्डाचा काही भरवसा नाही, कॅश ठेवा, आणि जवळचं एक मनी एक्स्चेंजही दाखवलं. मॅचला तासभर राहिलेला, घाईघाईत २०० युरो दिले आणि हातात ३,३०० कोरुना (चेक चलन) आले. तेव्हा एका युरोला साधारण पावणेपंचवीस कोरुना भाव होता, म्हणजे पाच हजाराच्या आसपास यायला हवे होते. हा हिशोब मी केला कधी, तर मेट्रोत बसल्यावर. आणि स्टेडियममध्ये पाण्याच्या बाटलीपासून सगळीकडे कार्ड चाललं!

मॅचचं स्टेडियम म्हणजे ओटू अरीना, तिथे जाणं सोपं आहे, मेट्रोची पिवळी बी लाईन, चेस्कोमोराव्स्का स्टेशन, उतरून पाच मिनिटं चालायचं. २०२४ मध्ये तिकीट ३० मिनिटांचं ३० कोरुना, ९० मिनिटांचं ४० होतं, कागदी असेल तर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नका. कपड्यांचं सांगत बसत नाही, बर्फाशेजारी बसायचंय एवढं लक्षात ठेवलं की झालं. सीट मात्र वरची घ्या. खालून पक (खेळायची रबरी चकती) दिसतच नाही, खेळाडू काचेवर आदळतात तेवढंच दिसतं, वरून पासिंग कळतं आणि पैसेही कमी लागतात.

२० मिनिटांच्या तीन पिरियडपैकी दोन संपले तेव्हा कॅनडा ६, ऑस्ट्रिया १. कॅनडाचा १८ वर्षांचा स्टार कॉनर बेडार्ड समोर खेळत होता, पण खरं सांगू का, माझं निम्मं लक्ष त्या पैशांकडेच. ब्रेकमध्ये शेजारच्या ऑस्ट्रियन काकांना मी जर्मनमध्ये सगळं सांगितलं, तर ते म्हणाले पावती आहे का? पर्समध्ये चुरगळलेली होती, त्यांनी ती मांडीवर ठेवून अंगठ्याने सरळ केली आणि छापलेल्या वेळेवर बोट ठेवलं. चेक कायद्याप्रमाणे २०१९ पासून १,००० युरोपर्यंतचा पैसे बदलण्याचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, एक्स्चेंजवाल्यांनी दिलेले पैसे आणि पावती परत द्यायची, कारण सांगायची गरज नाही. माझ्याकडे पस्तीस मिनिटं उरली होती.

६-१ आहे, आता काय होणार, असं म्हणून मी उठले. काका म्हणाले थांबा अजून वीस मिनिटं आहेत, मी ऐकलं नाही. एकदा बाहेर पडलं की परत आत घेणार नाहीत हे गेटवर कळलं तरी गेले. मेट्रोत असतानाच नवऱ्याचा मेसेज, "अगं ६-२". मग ६-३. मुस्टेकला उतरून पळत सुटले, काऊंटरवरचा माणूस आधी नाही म्हणाला, मग मॅनेजर नाही म्हणाला, मी पावती काचेला लावून धरली आणि तीन तास, तीन तास एवढंच जोरात म्हणत राहिले. शेवटी २०० युरो दिले, चार मिनिटं उरली होती. तेवढ्यात फोन वाजला, नवरा बोलत नव्हता, नुसता आवाज येत होता, अख्खं स्टेडियम ओरडत होतं. शेवटच्या मिनिटात ऑस्ट्रियाच्या मार्को रॉसीने ६-६ केले होते! एका पिरियडमध्ये पाच गोल, कॅनडाविरुद्ध. ओव्हरटाईमला पंधरा सेकंदात टव्हारेसने गोल मारून कॅनडा ७-६ जिंकलं, पण ऑस्ट्रियाला हक्काचा एक पॉईंट मिळाला (६० मिनिटांत बरोबरी झाली की हरणाऱ्यालाही एक असतो). माझी सीट रिकामी होती. नवरा सांगतो ते काका रडत होते, आणि त्याला मिठी मारली त्यांनी.

तर सल्ला असा. एटीएम वापरायचंच असेल तर बँकेच्या इमारतीतलं वापरा, आणि मशीन युरोत कन्व्हर्ट करू का विचारेल तेव्हा नाही दाबा, कोरुनातच पैसे कापू द्या. चूक झालीच तर पावती घेऊन लगेच जा, मॅचच्या आधी. आणि आईस हॉकीत पाच गोलांची आघाडी आहे म्हणून कधीही उठू नका, कधीही नाही, मी साधारण ६७ युरोसाठी उठले आणि अजून चुटपुट लागते.

दुसरा दिवस जुन्या शहरात गेला, छान होता. फायनल २६ मेला घरी टीव्हीवर बघितली, ०-० चालू असताना तिसऱ्या पिरियडमध्ये चेकियाच्या पास्त्रन्याकने गोल मारला, चेकिया २-० स्वित्झर्लंड, २०१० नंतर पहिलं सुवर्ण आणि तेही आपल्या घरात. टीव्हीवर तो अरीना बघताना मी आमची रांग शोधत होते.

त्यानंतरची २०२५ ला स्टॉकहोम आणि हर्निंगला होती, २०२६ ची झुरिक आणि फ्रिबुर्गला. झुरिकला जायचं आम्ही तेव्हाच ठरवलं. तिकिटं घेताना आधी ऑस्ट्रियाची मॅच बघायची, आणि पर्समध्ये फक्त कार्ड.