लाल कोण?

आरती म्हणताना मधली कडवी तोंडातल्या तोंडात आणि ‘जय देव, जय देव’ आलं की घर दणाणून सोडायचं, ही आपली जुनी रीत. लहानपणी जेटिक्स या मुलांच्या वाहिनीवर ‘पॉवर रेंजर्स’ ही रंगीबेरंगी पोशाखातल्या वीरांची अमेरिकन मालिका लागली की आमच्याकडे तेच चालायचं. आमच्या वेळच्या ‘एसपीडी’ पर्वाच्या शीर्षकगीतातलं ‘एसपीडी! इमर्जन्सी!’ एवढंच कळायचं, बाकी सगळं नुसतं गुणगुणणं. गाणं संपायच्या आत धाकटा सोफ्यावरून उडी मारून ‘रूप बदलायचा’, म्हणजे हात आडवेतिडवे करायचा. मी लाल, तो कायम हिरवा. थोरलेपणाचे फायदे.

१९९३ चं मूळ गाणं मात्र पुष्कळ उशिरा, यूट्यूबवर ऐकलं. संगीतकार रॉन वॉसरमनची ती करकरणारी गिटार आणि वर ‘गो गो’चा घोष. भांडी घासतानासुद्धा ते डोक्यातून जात नाही. आमचं एसपीडीचं गाणं याचंच पुतणं, हे ऐकताक्षणी कळलं.

मग कळलं की हे सगळं प्रकरणच गोधडीसारखं शिवलेलं आहे. जपानच्या तोएई कंपनीच्या ‘सुपर सेंताई’ मालिका १९७५ पासूनच्या. त्यातल्या १९९२ च्या ‘झ्युरेंजर’मधल्या हाणामाऱ्या आणि यंत्रराक्षस अमेरिकन मंडळींनी उचलले आणि हेल्मेट काढल्यानंतरचे चेहरे अमेरिकेत चित्रित केले. हेल्मेट चढलं की जपान, उतरलं की कॅलिफोर्निया! पिवळा रेंजर तिकडे मुलगा होता, इकडे मुलगी झाली. म्हणून गुलाबी पोशाखाला स्कर्ट आहे आणि पिवळ्याला नाही. आम्हा पोरांना कधी काही खटकलं नाही. खटकणार कसं? जपानी संगीत काढून त्या मारामाऱ्यांवर ही गिटार पसरलेली. ती वाजायला लागली की आता राक्षसाची खैर नाही, एवढंच समजायचं. टाके दिसायला सवड कोणाला होती!

मालिका काढणारे हाइम सबान आणि शुकी लेवी मुळात कार्टूनांना संगीत पुरवणारी जोडी, हे कळल्यावर तर गाण्याला एवढा मान का, हे कोडंच सुटलं. सबानसाहेब श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून ‘कुसा महशी’ हे टोपणनाव लावायचे. त्यांचा जन्म इजिप्तमधला, आणि हा तिकडचा भरल्या भाजीचा पदार्थ. आपल्याकडे एखाद्याने ‘संगीत : भरली वांगी’ असं लिहावं, तसं.

गोधडी दरवेळी जमतेच असं नाही. रेंजर्सच्याच भागांतून १९९५ मध्ये ‘मास्क्ड रायडर’ ही उपमालिका निघाली. ‘कामेन रायडर’ या जपानी मालिकेतलं चित्रण, त्यात अमेरिकन कुटुंबाने दत्तक घेतलेला परग्रहावरचा राजपुत्र, आणि शिवाय फर्बस नावाचा केसाळ प्राणी. चाळीस भागांत कारभार आटोपला. तो फर्बस बघून मला आजही कसंसंच होतं.

मधल्या काळात रेंजर्स डिस्नेकडे गेले, चित्रीकरण न्यूझीलंडला गेलं, गाणी बदलत राहिली. सबानने २०१० मध्ये मालिका परत विकत घेतली आणि पुढच्याच वर्षीच्या ‘सामुराई’त जुनी चाल नव्या कपड्यांत हजर! देवघर बदललं तरी आरती तीच.

परवा भाच्याला ते १९९३ चं गाणं ऐकवलं. पोराने मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. दुसऱ्या ‘गो गो’ला तो सोफ्यावर चढला आणि म्हणाला, ‘‘मामा, मी लाल.’’

मी मुकाट्याने हिरवा झालो.