तुम्ही विचारलंत म्हणून: एल्कसाठी कुठलं काडतूस?

"लांबून एल्क मारायचा तर ६.५ क्रीडमूर पुरेल, की .३०० विन मॅगच घेऊ?" गणपतीच्या आरतीनंतर, रेंजवर, फोनवर, ऑगस्ट लागला की मला हे विचारलं जातं. एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण; आणि ही दोन्ही रायफलीची काडतुसं, त्यातलं .३०० जास्त ताकदीचं, म्हणून खांद्याला धक्काही जास्त देणारं. "झेपेल ते घ्या," म्हणून मी विषय संपवते. बाई काहीतरी लपवतेय असं तुम्हाला वाटतं. लपवतच होते.

आकडे तुम्हाला पाठ आहेत. क्रीडमूरची १४३ ग्रेन वजनाची गोळी ४०० यार्डांवर साधारण १४७५ फूट-पौंड ऊर्जेवर येते, म्हणजे एल्कसाठी किमान म्हणून सगळे सांगतात त्या १५००च्या जरा खाली. .३०० तीच रेषा ५०० यार्डांवरही सहज पार करते. हेच बघून मी .३०० घेतली. माझी उंची पाच फूट एक इंच. "जनावर तीनशे किलोचं असतं, थोडी चूक झाली तरी मोठी गोळी सांभाळून घेते," असं मला सांगितलं गेलं, आणि पुढे मीही चारचौघांना तेच ऐकवलं.

कॉलोराडोत मीकरच्या वर, फ्लॅट टॉप्सच्या उतारावर, नोव्हेंबरातली सकाळ. ४६० यार्डांवर मादी अगदी आडवी उभी होती. वारा जवळपास नव्हताच. पिशवीवर रायफल टेकवलेली, वेळ हवा तेवढा. चाप ओढला. दुर्बीण पुन्हा जागेवर आणेपर्यंत ती तीन पायांवर ओक झुडपांत शिरत होती.

ती उभी होती तिथे बर्फावर रक्ताचे चार थेंब आणि नखाएवढी हाडाची कपची पडली होती. कपची पांढरीशुभ्र, एका कडेला केस चिकटलेले. मी ती उचलून हातमोज्यात ठेवली. का, ते सांगता येणार नाही. दोन दिवस माग काढला. थेंब पावला-पावलावर होते, मग वीस पावलांवर एक, मग ऊन लागून बर्फ वितळलेल्या उतारावर काहीच नाही. डोमकावळे कुठे घिरट्या घालतायत का, म्हणून आभाळाकडे बघत राहिले. ती सापडली नाही. टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, वापरला असं धरून मी घरी आले.

नंतर शेजारच्या आजोबांनी रेंजवर माझी रायफल स्वतः भरून दिली, आणि मला न सांगता मध्येच एक रिकामं काडतूस घातलं. चाप ओढला, नुसतं 'कट्' झालं, धक्का काहीच नाही, तरी नळी चांगली दोन बोटं खाली गेली. माझे डोळे मिटलेले होते. आजोबा काही बोलले नाहीत. बोलायला हवे होते असं मला आजही वाटतं.

म्हणजे दोष काडतुसाचा नव्हता, माझा होता. मान्य. पण मग 'मोठी गोळी चूक सांभाळते' त्याचं काय? पायाला लागलेली .३०० पायालाच लागते. आणि जो दणका मला डोळे मिटायला लावतो, तोच ती चूक घडवतो.

आता मी क्रीडमूर नेते, गोळी पूर्ण तांब्याची, आणि ३०० यार्डांपलीकडे चाप ओढत नाही. यावर माझंच जुनं मन म्हणतं, तू काडतूस नाही, अंतर बदललंस; .३००च्या नळीला धक्का कमी करणारा ब्रेक बसवून वर्षभर सराव केला असतास तर? खरंय. माझ्याच बांध्याच्या बायका .३०० उत्तम चालवतात. शिवाय ३०० यार्डांची मर्यादा पाळणाऱ्या माणसाने लांबच्या शिकारीचा सल्ला द्यावाच का, हेही विचारा.

गेल्या वर्षी ४३० यार्डांवर सहा फाट्यांचा नर उभा राहिला. बराच वेळ. मी दुर्बिणीतून बघत राहिले, तो निघून गेला. हातात .३०० असती तर मारला असता का? उत्तर दर वेळी 'बहुतेक हो' असंच येतं. ती अजून कपाटात आहे. दोनदा विकायला काढली आणि दोनदा परत ठेवली.