आमच्या ॲपवरची पहिली ए-बी टेस्ट

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपमध्ये मी प्रॉडक्टचं काम बघते. पुण्यातली नोकरी सोडून गावी आले तेव्हा ॲप वाढत होतं, आणि धंदा वाढत असला की ज्याला त्याला वाटतं, हे माझ्यामुळंच. डिझाइनवाला म्हणायचा नवा रंग चालला, मार्केटिंगवाला म्हणायचा कूपन चाललं. आमचे मालक, म्हणजे दादा, दोघांनाही हो म्हणायचे. मोजायची पद्धत एकच होती: बदलाच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना.

ही पद्धत आपल्याकडं अजिबात टिकत नाही. श्रावण लागला की अंड्यांची मागणी बसते आणि साबुदाणा, शेंगदाणे उठतात. गणपतीच्या आठवड्यात काहीही बदला, ऑर्डरी वाढणारच. पगाराचा आठवडा वेगळा, महिनाअखेर वेगळी. कृष्णेचं पाणी चढतंय अशी नुसती बातमी आली तरी लोक महिन्याचा किराणा भरून ठेवतात. या सगळ्यात आपल्या एका बटणाचा वाटा किती, हे आधी-नंतरच्या आकड्यांतून कसं कळणार? एकाच दिवशी, एकाच पावसात, निम्म्या लोकांना जुनं आणि निम्म्यांना नवं दाखवायला हवं. यालाच ए-बी टेस्ट म्हणतात.

दादांना हे पटवणं सोपं गेलं, कारण त्यांची तासगावला द्राक्षबाग आहे. मी विचारलं, "नवं औषध मारून बघायचंय, तर विहिरीकडच्या ओळींवर मारणार का माळाकडच्या?"

"एकाच बाजूला मारून काय कळणार? विहिरीकडं माल चांगला येतोयच की."

मग ओळी आपण निवडायच्या नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या, एवढंच मी पुढं जोडलं. खरं तर ही पद्धत शेतातूनच आलीय. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले; कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठीवर सोडायची शिस्त त्यांनी लावली आणि १९३५ मध्ये प्रयोगांच्या आखणीवर पुस्तक लिहिलं. पीक-पाहणीच्या नमुना पद्धतीवर आपल्या देशात मोठं काम केलेले पां. वा. सुखात्मे तर शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

आमचा प्रश्न साधा होता. ॲप उघडल्यावर सगळ्यात वर ऑफरचं बॅनर असायचं. त्या जागी 'मागच्या महिन्याची यादी' ठेवली तर? तेल, साखर, तूरडाळ, चहा पावडर, एका बोटात सगळं पिशवीत. दादांच्या मनात आणखी एक कल्पना होती: "फक्त १० मिनिटं शिल्लक" असं उलटं धावणारं घड्याळ. ती मी टेस्टपर्यंत येऊच दिली नाही. ती आकड्यांत हरली असती असं नाही, उलट बहुतेक जिंकली असती. पण खोटी घाई दाखवणं हा २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवून वळवणाऱ्या डिझाइनच्या, यादीतला प्रकार आहे. त्या यादीत असे १३ प्रकार आहेत. प्रॉडक्टमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी.

त्यानंतर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका कागदावर. टेस्ट सुरू व्हायच्या आधी लिहून काढायचं: कशाला जिंकणं म्हणायचं, काय बिघडलं तर थांबायचं, आणि निकाल कधी बघायचा. मुख्य आकडा ठरला ॲप उघडणाऱ्या दर माणशी ऑर्डरी. राखणीला आणखी दोन: दर माणशी रुपये आणि रद्द झालेल्या ऑर्डरी. "हे नंतर बघू की," असं दादा म्हणत राहिले. पण नंतर बघायला गेलं की दहा आकड्यांपैकी एखादा चांगला दिसतोच आणि माणूस त्यालाच धरून बसतो. शेवटी त्यांनी कागदावर सही केली.

किती लोक लागतील, हा हिशोब मात्र झोंबला. ठोकताळा असा: ऑर्डर करणाऱ्यांचं प्रमाण समजा १० टक्के आहे आणि ते ११ झालं तर आपल्याला कळायला हवं. नेहमीचे निकष लावले, म्हणजे फरक नसताना चुकून होकार मिळण्याची शक्यता ५ टक्के आणि खरा फरक सापडण्याची ८० टक्के, तर प्रत्येक गटात साधारण १४,४०० माणसं लागतात. १० चे १२ पकडायचे असतील तर ३,६०० पुरतात. फरक निम्मा झाला की माणसं चौपट लागतात. लाखोंनी ग्राहक असलेल्या कंपन्या बटणाच्या निळ्या रंगाच्या छटा तपासू शकतात. आमच्यासारख्यांनी त्या भानगडीत पडू नये. लहान ॲपने मोठे, ठळक बदलच टेस्टला लावावेत, हे माझं ठाम मत तेव्हापासूनचं.

खऱ्या टेस्टआधी मी ए-ए टेस्ट लावली. दोन गट, पण दोघांना अगदी तेच जुनं पान. यंत्रणा नीट वाटणी करते का ते बघायला. डॅशबोर्ड दादांच्या फोनवरही होता, आणि तिथं दोन गटांची नावं फक्त ए आणि बी होती. दोन-तीन दिवसांत सकाळी सकाळी फोन.

"मॅडम, बी पुढं आहे की! लावून टाका सगळ्यांना."

"दादा, दोन्हीकडं एकच पान आहे."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग हसले. रोज डोकावून, फरक दिसला की थांबायचं, असं केलं तर काय होतं हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. संख्याशास्त्रात याचा हिशोब केव्हाचा झालाय: ५ टक्क्यांची कसोटी धरून पाच वेळा डोकावलं तर खोटा होकार मिळायची शक्यता १४ टक्क्यांवर जाते, दहा वेळा डोकावलं तर १९ च्या पुढं.

वाटणीचं तंत्र सोपं आहे. ग्राहकाचा क्रमांक आणि टेस्टचं नाव एकत्र करून त्याचं हॅश, म्हणजे ठराविक सूत्राने निघणारा एक मोठा आकडा, काढायचं, त्याला १०० ने भागायचं, बाकी ५० च्या खाली आली तर जुनं पान, नाहीतर नवं. म्हणजे तोच माणूस कितीही वेळा आला तरी त्याच गटात. अडचण निघाली भलतीकडंच. खरी टेस्ट सुरू झाल्यावर नव्या गटात माणसं कमी भरायला लागली. १०,००० माणसांत ४,९५० आणि ५,०५० अशी वाटणी पडली तर काही बिघडलेलं नसतं. ४,८०० आणि ५,२०० पडली तर तो योगायोग नाही, यंत्रणेत कुठंतरी गळती आहे. आमच्याकडं जुन्या, स्वस्त फोनवर नवं पान उघडायला वेळ लागत होता, आणि नोंद व्हायची पान पूर्ण उघडल्यावर. वैतागून ॲप बंद करणारे मोजलेच जात नव्हते. म्हणजे नव्या पानाला फक्त चांगल्या फोनवाल्यांचे आकडे मिळत होते. नोंद वाटणीच्या क्षणाला आणली, पान हलकं केलं आणि टेस्ट पहिल्यापासून सुरू केली. गोळा झालेले आकडे फेकून देताना दादांचा जीव तुटला. माझाही.

हेल्पलाइनवरच्या मुलींना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, ते बरं झालं. विश्रामबागच्या एका काकूंचा फोन आला: "माझ्या शेजारणीच्या फोनमध्ये यादी येती, माझ्यात का नाही? मी काय कमी सामान घेती का?"

पूर्ण महिना उलटू दिला, म्हणजे पगाराचा आठवडा आणि महिनाअखेर दोन्ही आत आले. निकाल सरळ नव्हता. नव्या गटात ऑर्डरी वाढल्या होत्या. पहिल्या आठवड्यात नवलाईने जरा जास्त, नंतर उतरून स्थिरावल्या, तरी फरक पक्का होता. पण पिशवी लहान झाली होती. यादी तयार मिळाल्यावर लोक ॲपमध्ये फिरेनात, त्यामुळं जाता जाता उचललं जाणारं बिस्कीट, भडंग, लोणचं राहून जायला लागलं. दर माणशी रुपयांत फरक वर का खाली, हे सांगताच येईना. रद्द ऑर्डरी होत्या तेवढ्याच.

मार्केटिंगवाल्याचं म्हणणं, बॅनर परत आणा. डिझाइनवाल्याचं, रुपये सोडा, ऑर्डरी बघा. मी कागद काढला. त्यावर लिहिलेलं होतं: ऑर्डरी वाढल्या आणि दर माणशी रुपये घटल्याचं सिद्ध झालं नाही, तर यादी ठेवायची. दादांनी आपलीच सही बघितली आणि म्हणाले, "ठेवा."

मार्केटिंगवाला बरेच दिवस गप्प होता. मायक्रोसॉफ्टमध्ये अशा टेस्टचं काम सांभाळलेल्या रॉन कोहावींनी तिथल्या प्रयोगांबद्दल सांगितलेलं मी त्याला वाचून दाखवलं: तिथं तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांशच खरोखर उपयोगी ठरल्या. त्याच बैठकीत तो म्हणाला, मग यादी वर आणि तिच्याखाली भडंग-लोणच्याची एक ओळ ठेवली तर? दादा लगेच "करून टाका" म्हणणार होते, पण थांबले आणि त्यालाच म्हणाले, "आधी कागद लिहून आण."