ओटीपोटातली कळ

पाचवा महिना चालू आहे. आज दुपारी कुशीवर वळताना ओटीपोटात उजव्या बाजूला, थेट जांघेपर्यंत अशी तीव्र कळ गेली की क्षणभर श्वासच अडकला. डॉक्टरांनी तपासले, बाळाचे ठोके ऐकवले आणि समजावले की गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी आधार देणारे अस्थिबंध या काळात ताणले जातात, त्यामुळे एकदम उठल्यास, वळल्यास किंवा शिंकल्यासही अशी कळ येते व थोड्याच वेळात ओसरते. मात्र दुखणे थांबत नसेल, किंवा सोबत रक्तस्राव, ताप, लघवीची जळजळ असेल, पोट ठरावीक अंतराने कडक होत असेल, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा. प्रत्येक गर्भवतीला हे पहिल्या तपासण्यांतच सांगितले जायला हवे, असे मला फार कळकळीने वाटते. आता कूस बदलताना मी आधी गुडघे पोटाकडे घेते आणि मगच सावकाश वळते.